केळीचा फोटो रावेरमध्येच राहिला, तरी एआय शिकेल का? ‘फेडरेटेड लर्निंग’ आणि खान्देशाचा हिशेब

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. तेव्हापासून शेतकरी शेतात उभा राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढतो. तो फोटो जागेच्या नोंदीसह सरकारकडे जातो आणि सातबाऱ्यावर पीक चढतं. पुढे ॲग्रिस्टॅक आलं आणि शेतकऱ्यांना ओळख क्रमांक मिळू लागले. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘महाॲग्री-एआय’ धोरण मंजूर केलं. त्यासाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद आहे आणि शेतीच्या डेटाच्या देवाणघेवाणीसाठी एक सामायिक व्यवस्था उभारायचं ठरलं आहे.

म्हणजे जळगाव-धुळ्याच्या शेतातला डेटा आता एआयचा कच्चा माल होणार आहे. हा माल शेतातून बाहेर जाणार का? गेला तर कोणाकडे? आणि तो बाहेर न पाठवता एआय शिकवता येतं का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं आहे. या पद्धतीला फेडरेटेड लर्निंग म्हणतात. वेगवेगळ्या ठिकाणच्या कॉम्प्युटरवर न्यूरल नेटवर्क आपापलं शिकतं, मग त्या सगळ्या मॉडेल्सचं एक मॉडेल बनवलं जातं. डेटा जागचा हलत नाही, फक्त शिकलेलं हलतं. ऐकायला हे फार सोयीचं वाटतं, पण त्यात काही मेखा आहेत आणि त्यातल्या काही थेट खान्देशाला लागू होतात. एकेक करून बघू.

आधी हे समजून घेऊ: मॉडेल म्हणजे नेमकं काय?

न्यूरल नेटवर्क म्हणजे आकड्यांची लांबलचक यादी. लाखो, कधी कोट्यवधी आकडे. फोटो आत गेला की त्याच्यावर या आकड्यांनी गुणाकार-बेरजा होतात आणि शेवटी उत्तर येतं: ‘हे पान निरोगी आहे’ किंवा ‘यावर करपा आहे’.

सुरुवातीला हे आकडे यादृच्छिक, म्हणजे कसेही भरलेले असतात, त्यामुळे उत्तरंही चुकतात. मग हजारो फोटो दाखवले जातात. दर वेळी उत्तर किती चुकलं ते मोजून आकडे किंचित इकडे-तिकडे सरकवले जातात. यालाच ‘ट्रेनिंग’ म्हणतात. ट्रेनिंग संपलं की फोटोंची गरज उरत नाही, आकड्यांची यादी पुरते.

नेहमीच्या पद्धतीत सगळे फोटो एका डेटा सेंटरमध्ये गोळा होतात आणि तिथे ट्रेनिंग होतं. फेडरेटेड पद्धतीत उलट होतं. कोरी यादीच गावोगावी पाठवली जाते.

रावेर, शिरपूर, चोपडा: एक छोटं गणित

समजा केळीवरचे रोग ओळखणारं मॉडेल बनवायचं आहे. जळगाव जिल्ह्यातल्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या शेतकऱ्याला ‘हरण्या’ हा शब्द सांगावा लागत नाही. कुकुंबर मोझॅक व्हायरसमुळे येणाऱ्या रोगाचं हे इथलं नाव. रोग मावा किडीमुळे पसरतो आणि लागलेलं झाड उपटून टाकण्यावाचून इलाज नसतो. तो लवकर ओळखता आला तर शेजारची झाडं वाचतात.

आता रावेरच्या केंद्रात ६०० फोटो आहेत, शिरपूरला ३०० आणि चोपड्याला १००. तिन्हीकडे एकच सुरुवातीचं मॉडेल पाठवलं. प्रत्येकाने ते आपल्या फोटोंवर शिकवलं. त्या लाखो आकड्यांपैकी एकच आकडा पाहू. शिकून झाल्यावर तो रावेरमध्ये ०.५० झाला, शिरपुरात ०.२० आणि चोपड्यात ०.८०.

तिन्ही याद्या मध्यवर्ती सर्व्हरकडे आल्या. सर्व्हर काय करतो? ज्याचे फोटो जास्त त्याला जास्त मान देऊन सरासरी काढतो.

रावेर: ०.५० चे ६० टक्के, म्हणजे ०.३०.
शिरपूर: ०.२० चे ३० टक्के, म्हणजे ०.०६.
चोपडा: ०.८० चे १० टक्के, म्हणजे ०.०८.
बेरीज: ०.४४.

यादीतल्या प्रत्येक आकड्याचं असंच. मग ही नवी यादी पुन्हा तिन्ही ठिकाणी जाते, पुन्हा स्थानिक ट्रेनिंग, पुन्हा सरासरी. अशा अनेक फेऱ्या होतात. गुगलच्या ब्रेंडन मॅकमेहन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ही पद्धत मांडली आणि तिला ‘फेडरेटेड ॲव्हरेजिंग’ असं नाव दिलं. एप्रिल २०१७ मध्ये गुगलने आपल्या जीबोर्ड कीबोर्डवर तिची चाचणी सुरू केल्याचं जाहीर केलं. तुम्ही मोबाइलवर टाइप करताना पुढचा शब्द सुचवला जातो, त्यामागे ही पद्धत वापरली गेली आहे.

पण सरासरी काढून मॉडेल बिघडत नाही का?

बिघडू शकतं. म्हणूनच वर ‘एकच सुरुवातीचं मॉडेल’ हे शब्द महत्त्वाचे आहेत.

भरिताचं उदाहरण घ्या. दोन घरांनी कृती पाठवली, पण फक्त आकडे लिहिले. एका घराने तिसऱ्या ओळीत मिठाचं प्रमाण लिहिलं, दुसऱ्याने तिसऱ्या ओळीत मिरच्यांची संख्या. दोन्ही घरचं भरीत उत्तम, पण तिसऱ्या ओळीची सरासरी काढली तर ना मीठ ना मिरची. खाणाऱ्याचं काय होईल ते सांगायला नको.

न्यूरल नेटवर्कचं असंच असतं. दोन कॉम्प्युटरवर वेगवेगळ्या यादृच्छिक आकड्यांनी सुरुवात केली, तर एकात पिवळे पट्टे ओळखण्याचं काम १७ व्या कप्प्यात होईल आणि दुसऱ्यात ९२ व्या. दोन्ही मॉडेल हुशार, पण त्यांची सरासरी निरुपयोगी. मॅकमेहन यांच्या शोधनिबंधातच हे दाखवलेलं आहे: वेगळ्या सुरुवातीच्या मॉडेल्सची सरासरी काढली की मॉडेल बिघडतं, एकाच सुरुवातीच्या मॉडेल्सची काढली की आश्चर्यकारकरीत्या सुधारतं. भरिताच्या भाषेत, आधी सगळ्या घरांना एकच छापील तक्ता द्यायचा आणि वरचेवर तो जुळवून घ्यायचा.

दुसरा मार्गही आहे. याद्या एकत्र न करता प्रत्येक मॉडेलला वेगवेगळं विचारायचं आणि उत्तरांवर मतदान घ्यायचं. हा मार्ग सोपा आणि जुना आहे, पण मग दहा केंद्रांची दहा मॉडेल्स फोनमध्ये ठेवावी लागतात. साध्या मोबाइलला ते झेपत नाही.

हे प्रत्यक्षात कुठे झालंय का?

झालंय, आणि सर्वात ठोस उदाहरणं दवाखान्यांतली आहेत. कारण उघड आहे. रुग्णाचा डेटा बाहेर देणं अवघड असतं आणि एका दवाखान्यापुरत्या रुग्णांवर शिकलेलं मॉडेल दुसरीकडे गेलं की गडबडतं.

सप्टेंबर २०२१ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये एक अभ्यास आला. जगभरातल्या २० संस्थांनी कोविडच्या रुग्णाला पुढच्या काही तासांत किती ऑक्सिजन लागेल हे सांगणारं मॉडेल एकत्र शिकवलं. एक्स-रे आणि तपासण्यांचे आकडे आपापल्या दवाखान्यातच राहिले. प्रत्येकाने एकट्याने शिकवलेल्या मॉडेलपेक्षा एकत्रित मॉडेलची कामगिरी सरासरी १६ टक्क्यांनी चांगली निघाली.

दुसरं उदाहरण मराठी वाचकाच्या जवळचं आहे. डिसेंबर २०२२ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा या ट्यूमरवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा खंडांतली ७१ केंद्रं, ६,३१४ रुग्ण, पण एकाही रुग्णाचा एमआरआय केंद्राबाहेर गेला नाही. एमआरआयमध्ये ट्यूमरची हद्द नेमकी कुठे आहे हे मॉडेलने आखायचं होतं. आधी उपलब्ध असलेल्या सार्वजनिक डेटावर शिकलेल्या मॉडेलच्या तुलनेत, शस्त्रक्रियेसाठी महत्त्वाचा भाग आखण्यात ३३ टक्के सुधारणा झाली आणि ट्यूमरचा पूर्ण विस्तार आखण्यात २३ टक्के. या निबंधाच्या लेखकांच्या यादीत अगदी सुरुवातीला डॉ. उज्ज्वल बैद यांचं नाव आहे. त्यांची पीएचडी नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेतली. म्हणजे या कामात मराठवाड्यात शिकलेल्या माणसाचा हात आहे.

आता हेच धुळे-जळगावच्या संदर्भात पाहा. दुर्मिळ आजाराचे रुग्ण एका जिल्ह्यात मूठभरच असतात. धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे काही, जळगावच्या शासकीय महाविद्यालयाकडे काही. एकट्याचा डेटा मॉडेल शिकवायला पुरत नाही. वाटून घ्यावा तर रुग्णाची परवानगी, गोपनीयता, सगळेच प्रश्न उभे राहतात.

सिकलसेलचं उदाहरण घ्या. सातपुड्याच्या पट्ट्यातल्या आदिवासी समाजात हा आनुवंशिक आजार आढळतो. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं आणि त्यात मोठ्या प्रमाणावर तपासणी होते आहे. रक्ताच्या नमुन्यातल्या पेशींचे फोटो ओळखणारं मॉडेल उपयोगी पडेल यात शंका नाही. पण ‘या घरात सिकलसेल आहे’ ही माहिती बाहेर फुटली तर सोयरिकीपर्यंत परिणाम होतो. अशा ठिकाणी डेटा जागेवर ठेवून शिकवण्याची पद्धत ही चैन नाही, गरज आहे.

आयुष्मान भारत डिजिटल मिशनची रचनाही याला पूरक आहे. रुग्णाच्या नोंदी एका मोठ्या सरकारी गोदामात नाही, तर जिथे तयार झाल्या तिथेच ठेवायच्या, हे त्या मिशनचं घोषित तत्त्व आहे.

इंटरनेटचा खर्च वाचतो का?

हा प्रश्न शेतावरच्या माणसाला लगेच पडतो. गणित करून बघू.

एका केंद्राकडे २,००० फोटो आहेत, प्रत्येक ३ एमबीचा. सगळे पाठवले तर ६ जीबी. मोबाइलवर चालणाऱ्या छोट्या मॉडेलमध्ये साधारण ४० लाख आकडे असतात. एका आकड्याला ४ बाइट धरले तर मॉडेल १६ एमबीचं. फोटोंच्या तुलनेत काहीच नाही.

पण थांबा. मॉडेल एकदाच जात नाही. प्रत्येक फेरीत १६ एमबी येतात आणि १६ एमबी जातात. १०० फेऱ्या झाल्या तर ३.२ जीबी. २०० झाल्या तर ६.४ जीबी, म्हणजे फोटो पाठवण्याइतकाच खर्च.

त्यामुळे खरी युक्ती फेऱ्या कमी करण्यात आहे. दर वेळी घाईने सरासरी काढण्याऐवजी प्रत्येक ठिकाणी भरपूर शिकू द्यायचं आणि मगच जुळवायचं. मॅकमेहन यांच्या प्रयोगांत यामुळे फेऱ्यांची संख्या १० ते १०० पटींनी कमी झाली.

हीच युक्ती आता मोठ्या भाषा-मॉडेल्ससाठी वापरली जाते आहे. चॅटजीपीटीसारखं मॉडेल शिकवायला हजारो चिप्स एकाच इमारतीत, अतिवेगवान तारांनी जोडून ठेवाव्या लागतात. २०२३ मध्ये गुगल डीपमाइंडने ‘डायलोको’ नावाची पद्धत मांडली. त्यांच्या प्रयोगात ८ ठिकाणी विभागून ट्रेनिंग झालं आणि आपसातली देवाणघेवाण ५०० पट कमी करूनही निकाल तोडीस तोड आला. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्राइम इंटलेक्ट या कंपनीने तीन खंडांत विखुरलेल्या कॉम्प्युटरवर १,००० कोटी आकड्यांचं ‘इंटलेक्ट-१’ हे मॉडेल शिकवून दाखवलं.

एवढ्या मॉडेलची यादी साधारण २० जीबी भरते. १०० एमबीपीएसच्या लाइनवर ती एकदा पाठवायला सुमारे २७ मिनिटं लागतात. दर पायरीला पाठवायची म्हटली तर जन्म जाईल. शेकडो पायऱ्यांनंतर एकदा पाठवायची म्हटली तर जमू शकतं. एकाच अब्जाधीश कंपनीच्या डेटा सेंटरशिवायही मोठं मॉडेल शिकवता येईल का, या चर्चेला त्यामुळे जोर आला आहे. भारत सरकारच्या इंडियाएआय मिशनला मार्च २०२४ मध्ये १०,३७२ कोटी रुपये मंजूर झाले. पण देशातली विद्यापीठं आणि संस्था आपले विखुरलेले कॉम्प्युटर जोडून काय करू शकतात, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे.

मेख पहिली: सरासरीत लहान माणूस दिसत नाही

वरच्या गणितात चोपड्याचा आकडा ०.८० होता आणि अंतिम उत्तर ०.४४ आलं. चोपड्याचं म्हणणं जवळपास ऐकलंच गेलं नाही, कारण तिथले फोटो कमी होते. चोपड्यात रोगाचं रूप खरोखरच वेगळं असेल, तर हे मॉडेल तिथे चुकणार.

धुळे जिल्ह्यातल्या कोरडवाहू कपाशीचं बघा. पानं लाल पडली की शेतकरी ‘लाल्या’ म्हणतो. पण लाली मॅग्नेशियम कमी पडल्यानेही येते, पाण्याच्या ताणानेही, थंडीनेही आणि तुडतुड्यांमुळेही. बागायती भागातल्या फोटोंवर शिकलेलं मॉडेल कोरडवाहू पान बघून भलत्याच फवारणीचा सल्ला देऊ शकतं. खर्च मॉडेलचा नाही, शेतकऱ्याचा होतो.

भाषेत हा प्रश्न आणखी स्पष्ट दिसतो. २०११ च्या जनगणनेत खान्देशी ही वेगळी भाषा म्हणून मोजली गेली. बोलणारे सुमारे १८ लाख ६० हजार आणि त्यात बहुसंख्य अहिराणीचे. मराठी बोलणारे ८ कोटी ३० लाख. म्हणजे एका खान्देशी बोलणाऱ्यामागे सुमारे ४५ मराठी बोलणारे. या दोघांच्या टायपिंगची संख्येनुसार सरासरी काढली तर काय होईल? ‘मी करस’ लिहिणाऱ्याला कीबोर्ड ‘मी करतो’ सुचवत राहील. जळगावच्या पूर्वेकडची लेवा गणबोली तर या गणतीत अजूनच दूर.

यावर तोडगे आहेत. मॉडेलचा पाया सगळ्यांचा एकत्र ठेवायचा आणि शेवटचे थर प्रत्येक भागाचे वेगळे. पान, शीर, डाग ओळखणं सगळीकडे सारखंच आहे, पण त्यावरून निष्कर्ष काढण्याचं काम धुळ्याचं धुळ्याला करू द्यायचं. किंवा सरासरी काढताना फक्त संख्या न पाहता ज्या भागात मॉडेल सर्वात जास्त चुकतं त्या भागाला जास्त मान द्यायचा. तांत्रिकदृष्ट्या दोन्ही शक्य आहे. मात्र कोणता नियम लावायचा, हा निर्णय इंजिनिअरच्या टेबलावर होतो आणि ज्यांच्यासाठी होतो त्यांना त्याची कल्पनाही नसते.

मेख दुसरी: सरासरीत बसायची संधी कोणाला?

गुगलने जीबोर्डसाठी ठरवलेल्या अटी पाहा. फोन वापरात नसावा, चार्जिंगला लावलेला असावा आणि मोफत वायफायवर असावा. अटी वापरणाऱ्याच्याच भल्याच्या आहेत: बॅटरी आणि डेटा पॅक संपू नये म्हणून.

पण ज्याच्या घरी वायफायच नाही, रिचार्जच्या डेटावर सगळं चालतं, त्याचा फोन या अटींमध्ये बसणार कधी? पुण्यातल्या फ्लॅटमधला फोन रोज रात्री मॉडेलला शिकवेल. शिंदखेड्याच्या वस्तीवरचा फोन ते मॉडेल वापरेल, पण शिकवणार नाही. म्हणजे डेटा तर दिला नाहीच, पण मतही नोंदवलं गेलं नाही.

फेडरेटेड पद्धतीमुळे गोपनीयता वाढते हे खरं. त्यामुळे प्रतिनिधित्व आपोआप मिळतं, हे मात्र खरं नाही. ग्रामपंचायत कार्यालय, कृषी सेवा केंद्र, विद्यापीठाचं किंवा कृषी विज्ञान केंद्राचं ऑफिस अशा ठिकाणी ट्रेनिंगची सोय केली, तर हा प्रश्न बराच सुटतो. शेतकऱ्याचा फोन वायफायवर नसला तरी गावातल्या एका कॉम्प्युटरवर गावाचे फोटो गावातच राहून शिकवू शकतात.

मेख तिसरी: ‘डेटा बाहेर जात नाही’ म्हणजे गुपित राहतं का?

पूर्णपणे नाही. २०१९ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी दाखवलं की ट्रेनिंगच्या वेळी मॉडेलमध्ये होणारे बदल हाती लागले, तर काही परिस्थितीत त्यावरून मूळ फोटो जवळजवळ जसाच्या तसा परत काढता येतो. आकड्यांची यादी निरुपद्रवी दिसते, पण तिच्यात डेटाचा ठसा असतो.

यावरचा एक उपाय फार सुंदर आहे आणि तो कागद-पेन्सिलने समजतो. समजा रावेरचा आकडा ५०, शिरपूरचा २०, चोपड्याचा ८०. सर्व्हरला फक्त बेरीज हवी आहे: १५०.

रावेर आणि शिरपूर आपसात एक गुप्त संख्या ठरवतात: ३७. रावेर ती मिळवतं, शिरपूर वजा करतं. शिरपूर-चोपडा ठरवतात ६४: शिरपूर मिळवतं, चोपडा वजा करतं. रावेर-चोपडा ठरवतात १५: रावेर मिळवतं, चोपडा वजा करतं.

आता सर्व्हरकडे काय पोचतं? रावेरकडून १०२, शिरपूरकडून ४७, चोपड्याकडून १. एकट्या आकड्याला काही अर्थ नाही, पण बेरीज बरोबर १५०. सगळ्या गुप्त संख्या एकमेकींना खाऊन टाकतात. प्रत्यक्षात हे अवघड क्रिप्टोग्राफीने होतं आणि मध्येच कोणाचं नेटवर्क गेलं तर काय, याचीही तजवीज करावी लागते. कल्पना मात्र हीच.

पण इथे एक पेच आहे. सर्व्हरला कोणाचाच स्वतंत्र आकडा दिसत नसेल, तर खोडसाळपणा कसा पकडणार? एखाद्या सहभागी कॉम्प्युटरने मुद्दाम बिघडवलेलं मॉडेल पाठवून सगळ्यांचं मॉडेल हव्या त्या दिशेला वळवता येतं, हे संशोधकांनी २०१८ मध्येच दाखवलं. उदाहरणार्थ, एखाद्या विशिष्ट लक्षणावर कायम एकाच कंपनीचं औषध सुचवणारं मॉडेल. गोपनीयता जितकी वाढवाल तितकी तपासणी अवघड. दोन्ही पूर्ण एकदम मिळत नाहीत, म्हणून सहभागी कोण असतील आणि त्यांना जबाबदार कसं धरायचं, हे आधी ठरवावं लागतं.

कायदा काय म्हणतो?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यातल्या बहुतेक जबाबदाऱ्या १८ महिन्यांच्या मुदतीने लागू होणार आहेत. या कायद्यानुसार तुम्ही दिलेली संमती मागे घेऊ शकता आणि डेटा पुसून टाकायला सांगू शकता.

फोटो पुसता येतो. पण त्या फोटोवरून मॉडेल जे शिकलं ते कसं पुसणार? सरासरीत मिसळलेला तुमचा वाटा वेगळा काढणं म्हणजे कालवलेल्या भातातून मीठ वेचणं. ‘शिकलेलं विसरवण्या’वर संशोधन सुरू आहे, पण हे एका क्लिकचं काम नाही. डेटा बाहेर न गेल्यामुळे ‘आम्ही तुमचा डेटा घेतलाच नाही’ असं कंपनी म्हणू शकते. तांत्रिकदृष्ट्या ते खरं आहे. मात्र तुमच्या डेटातून निघालेला फायदा तिच्याकडे गेलेला असतो.

मग मालक कोण?

सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे आणि तो तंत्रज्ञानाचा नाही.

आपल्याकडे सहकाराचा अनुभव आहे. दूध संघाला दूध घातलं की लिटर मोजले जातात, फॅट लागतं आणि त्यावर पैसे मिळतात. मॉडेलला डेटा घातला तर काय मोजायचं? हजार सारख्याच निरोगी पानांच्या फोटोंपेक्षा हरण्याच्या पहिल्या दहा फोटोंची किंमत जास्त असू शकते. प्रत्येकाच्या योगदानाचं मोल काढायच्या गणिती पद्धती आहेत, पण त्या किचकट आहेत आणि त्यावर एकमत नाही.

गटाचा पर्याय मात्र उघडा आहे. शेतकरी उत्पादक कंपन्या, कृषी विज्ञान केंद्रं, जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ अशा संस्था एकत्र येऊन स्वतःचा सर्व्हर चालवू शकतात. कारण या पद्धतीत मध्यवर्ती सर्व्हरचं काम तुलनेने हलकं असतं: याद्या गोळा करायच्या आणि सरासरी काढायची. जड काम गावोगावी वाटलेलं असतं. केळीच्या फोटोंसारख्या छोट्या मॉडेलसाठी तर त्याला अब्जावधींचं डेटा सेंटर लागत नाही. लागतो तो विश्वास आणि लेखी करार.

तुम्ही काय विचारायला हवं?

पुढच्या वेळी एखादं शेतीचं, आरोग्याचं किंवा बोलीभाषेचं ॲप ‘तुमचा डेटा तुमच्याच फोनमध्ये राहतो’ असं सांगेल, तेव्हा हे पाच प्रश्न विचारा:

१. डेटा राहतो, पण मॉडेलमधले बदल कोणाकडे जातात? ते झाकून जातात की उघडे?

२. सरासरी कशी काढता? फक्त संख्येवर की लहान गटांचाही विचार होतो?

३. माझ्या भागात, माझ्या पिकावर, माझ्या बोलीत मॉडेल किती चुकतं? तो आकडा वेगळा जाहीर केला आहे का?

४. वायफाय नसलेल्या फोनचा सहभाग कसा घेता?

५. तयार झालेलं मॉडेल कोणाच्या मालकीचं? ज्यांनी शिकवलं त्यांना ते मोफत मिळणार का?

यातला तिसरा प्रश्न सर्वात सोपा आणि सर्वात उपयोगी आहे. ‘९५ टक्के अचूक’ असं जाहिरातीत लिहिलेलं असतं, पण ती टक्केवारी सगळ्यांची मिळून असते. ज्या ५ टक्क्यांत मॉडेल चुकलं ते सगळे साक्री-शिंदखेड्याचेच कोरडवाहू शेतकरी असतील, तर ते ॲप धुळ्यासाठी अचूक नाही. राज्याच्या एआय धोरणातून जी ॲप्स येतील, त्यांनी ही टक्केवारी तालुकावार जाहीर करावी, ही मागणी आजच करता येईल. त्यासाठी नवं संशोधन लागत नाही. तालुक्याचा आकडा तालुक्याला दाखवण्याची तयारी लागते.